रेंज हापिसाची ओसरी

माय, जंगलखात्याच्या त्या क्वार्टरातलं तुझं स्वयंपाकघर मला आता राहत्या घराहून जास्त स्पष्ट दिसतं. पुढं ओसरी, ओसरीला लागून बाबांचं रेंज हापीस, आणि मागं तू. पुढच्या दारानं माणसं यायची. कुणाच्या ज्वारीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरलेल्या असायच्या, कुणाला नांगरासाठी लाकूड हवं असायचं, कुणाला गुरं चारायचा पास. बाबा रेंजर, जमेल ते तिथंच करायचे, न जमेल ते बुलढाण्याच्या मोठ्या साहेबांकडं पाठवायचे. त्यांच्यावर नागपूरचे आणखी मोठे साहेब, आणि बाबांच्या खाली गावोगावचे नाकेदार, पायी फिरून जंगल राखणारे. मला तेव्हा वाटायचं, ही एक उतरंड आहे आणि तिच्या तळाशी रोही, हरणं, अस्वलं अशी सगळी सरकारी नोकरीलाच आहेत. बायका मात्र मागच्या दारानं यायच्या. चुलीपाशी बसून आपलं गाऱ्हाणं तुझ्या कानावर घालायच्या, आणि तू ते बाबांना जेवताना सांगायचीस. बाबा अर्धं ऐकायचे आणि ‘पाहू’ म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात टेंभरं, तेंदूची गोड फळं, पिकलेली. सकाळीच मागच्या दाराशी गलका झाला. गावात वांग्या-मिरचीची वाडी करणाऱ्या घरातली सून बाजारासाठी टेंभरं वेचायला जंगलात गेली होती, आणि त्याच झाडाखालची पिल्लांची अस्वलीण तिच्यावर धावून आली. जावांनी त्या सुनेला बाजेवर घालून आणली. अर्धा चेहरा लुगड्याच्या पदरानं बांधलेला. तू पाणी उकळायला ठेवलंस, मला म्हणालीस, “हळद दे, आन् इकडे पाहू नको.” मी पाहिलंच. तू तिच्या जखमा धुत होतीस आणि तिच्याशी सारखी बोलत होतीस, अगदी साधं काहीतरी, वाडीत यंदा काय लावलं, मोट कोण हाकते. ती कण्हत कण्हत उत्तरं देत होती. ती बोलायची थांबू नये म्हणून तू विचारत होतीस, हे मला फार उशिरा कळलं.

पुढं ओसरीवर गावातली माणसं जमली. अस्वल मारा म्हणत होती. बाबा त्यांना समजावत होते की राखीव जंगलातलं जनावर बुलढाण्याहून परवानगी आल्याशिवाय मारता येत नाही, माणूस आत्ताच पाठवतो. मग नाकेदार म्हणाला, “साहेब, बाई बंद कुपात होती. केस तं करा लागते.” बंद कूप म्हणजे जिथं तोड होऊन नवी रोपं वर येत होती तो भाग, तिथं पाय ठेवला तरी गुन्हा. बाबांना नियम पाठ होता आणि बाईचं कण्हणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

तेव्हा तू गेलीस. माझ्या आठवणीत तू त्या ओसरीवर त्याआधी कधी आली नव्हतीस. डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत पिवळे. माणसं बाजूला झाली.

“साहेब,” तू म्हणालीस, “मी तुमची बायको म्हनून नाही आली. आत पडेल हाये, त्या बाईच्या वतीनं आली.”

बाबा तुला नेहमी ‘अगं’ म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, “बोला.”

“कूप बंद झाला म्हनून दवंडी कुठी देल्ली तुमी?”

“पारावर,” नाकेदार म्हणाला.

“पारावर बाया बसतात का? तिले सांगतलं कोनं?”

बाबाच म्हणाले, “कोणीच नाही.”

“मंग केस कोनावर कराची?”

एवढंच बोलून तू आत आलीस आणि पुन्हा तिच्याशेजारी बसलीस. बाबांनी केस केली नाही. आपली दमणी, बैलांची हलकी गाडी, जुंपून तिला खामगावच्या दवाखान्यात पाठवली.

परवानगी आली तेव्हा बाबा गावातल्या बंदूकवाल्याला घेऊन गेले, पण अस्वलीण पिल्लांना घेऊन डोंगरापलीकडं उतरून गेली होती. एकही बार न काढता ते परतले. कितीतरी दिवस गावातली माणसं बाबांना रामराम करत नव्हती. वर बुलढाण्याहून विचारणा झाली, गुन्हा का नोंदला नाही म्हणून. बाबांनी काय उत्तर दिलं मला माहीत नाही. जेवण कमी झालं होतं त्यांचं, आणि तू भाकरी वाढत राहायचीस. अखेर नुसती ताकीद मिळाली. त्यानंतर दवंडी पाणवठ्यावरही द्यायची, आणि टेंभरं वेचायला बायांसोबत नाकेदारानं जायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं.

पेरणीच्या आधी ती वाडीवाल्यांची सून आली. एक डोळा मिटलेला, गाल शिवलेला. मी दारामागं लपले. तू मला दंडाला धरून बाहेर काढलंस. “ते तुले खाऊन राह्यली काय? तोंडाकडे पाह्य तिच्या, आन् पानी दे.” मी पाणी दिलं. ती हसली तेव्हा अर्धंच तोंड हसलं. तिनं आणलेली वांगी तू घेतलीस आणि तिला ओसरीवर बसवलंस, बाबांच्या समोर. पुढं बायका तिथंच बसू लागल्या. स्वयंपाकघर जरा ओकं झालं.

मी नंतर शिकायला अमरावतीला गेले. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून माझी पत्रं बाबा तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला तुझी आठवण येते, हे मी कधीच लिहिलं नाही. बाबांच्या तोंडून ते ऐकताना तुला लाज वाटली असती, असं मला वाटायचं. खरं म्हणजे लाज मला वाटायची.