ओला ताग

४ मे १९५३
आले एकदाची. ओबिदुसहून आगबोटीने दीड दिवस लागला. सांता किटेरियाच्या धक्क्यावर ओर्मिंदाकाकू मला न्यायला उभी होती, भाची माहेरपणाला यावी तशी हसत. शाळा तिच्या घराला लागूनच आहे आणि माझी राहायची सोयही तिच्याकडेच. काकू पन्नाशीची, विधवा, दोन्ही हात तागाच्या कामाने चिरलेले. पहिलाच प्रश्न, "मास्तरीणबाई, पोहता येतं ना? नाही म्हणाल तर याच बोटीने परत पाठवते." पोहता येतं म्हटल्यावर पेटी स्वतः उचलून चालू लागली. जेवायला तळलेला मासा आणि कसाव्याचा भाजका रवा. माझा झुला खिडकीशी बांधलाय. पडल्या पडल्या नदी दिसते, पलीकडचा काठ मात्र दिसत नाही. फार बरं वाटतंय.

९ मे
नगराध्यक्षांनी शिकवण्याखेरीज एक काम गळ्यात घातलंय. गावाला शंभर वर्षं होतायत, तर त्याचा इतिहास लिहायचा. म्हाताऱ्यांना विचारत हिंडते. आधी इथून कोको जायचा. मग कासवाच्या अंड्यांचं तेल, बेलें शहराच्या दिव्यांत जळायला. मग रबर, त्या दिवसांत देवळाला पोर्तुगालहून निळ्या फरशा आल्या. रबराचा भाव बसला आणि गावात बारा घरं उरली. आता सगळा जीव तागावर आहे. पाण्यात उभं राहून कापायचा, पाण्यातच कुजत घालायचा, पाण्यातच सोलायचा आणि दांड्यांवर वाळवायचा. यंदा पाणी एवढं चढलंय की बुडी मारून बुंध्याशी कापावा लागतो.
तागाचे गठ्ठे दाबायच्या यंत्रावर लिबोरियो मुकादम आहे, शेजारच्याच घरात राहतो. म्हणाला, "आमच्यातले बाप्ये सहा महिने बेडूक असतात, बाई." मी विचारलं, आणि बायका? "त्या बाराही महिने." काकूने त्याला माशाचं डोकं फेकून मारलं.

१५ मे
देवळातली मृत्यूची नोंदवही पाद्रीबाबांनी दिली. तागाच्या वीस वर्षांत एकतीस नावांपुढे नुसतं 'नदीत' लिहिलंय. दफन नाही. लिबोरियोला विचारलं तर आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला की कापणीच्या दिवसांत कुणी खाली गेला आणि वर आला नाही, तर त्याला शोधत बसत नाहीत. ताग थांबत नाही, चार दिवस उशीर झाला की काडी निबर होते. पाणी उतरल्यावर बघतात. तेव्हा काही सापडत नाही.
वहीतलं शेवटचं नाव अमांसियो. काकूचा नवरा. गेल्या जूनमध्ये ती त्याच्या शेजारीच कापत होती. मासा साफ करता करता तिने आपण होऊन सांगितलं. "तो खाली गेला. मी आधी माझी पेंढी बांधली, मग हाक मारली." आणि पुढचा मासा ओढला.
नगराध्यक्ष म्हणाले, हे इतिहासात नको, फरशांचं लिहा.

२२ मे
इथली घरं खांबांवर उभी आहेत, तरी जमिनीच्या फळ्यांतून पाणी वर आलं. घरोघरी फळ्या उपटून हातभर उंच ठोकतायत. आम्हीही ठोकल्या. दरवर्षीचंच आहे म्हणे, पण एवढ्या लवकर कधी नाही. शाळा बंद. गुरं तराफ्यांवर बांधलीयत, कापलेलं गवत होडीतून नेऊन त्यांना घालतात.
भर दुपारी फळ्यांखालून ठोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, ओंडका अडकला असेल. काकू म्हणाली, ओंडका तीनदा ठोकून थांबत नाही.

२९ मे
फळ्या पुन्हा वर घेतल्या. आता घरात वाकून चालावं लागतं. अर्धं गाव होड्यांतून उंचावरच्या वस्तीला गेलं. नगराध्यक्षही गेले. काकू हलायला तयार नाही.
रोज दुपारी ती फळ्यांच्या फटीतून माशाचा तुकडा खाली सोडते. मला वाटायचं नदीला नैवेद्य असेल. आज मी जवळ बसले होते. खालून बोटं आली. पांढरी, सुरकुतलेली, नखं नसलेली. काकूच्या हाताला लागू न देता तुकडा अलगद घेतला.
काकू म्हणाली, "भूक नसते गं त्याला. माझं मन राखायला घेतो." मग हवंय तरी काय, विचारलं.
"वाळायचंय त्याला. वर्ष झालं, ओलाच आहे."

२ जून
जे दिसलं तेच लिहिते.
सकाळी दहाचं कडक ऊन. लिबोरियोच्या वाळवणीच्या दांड्या पाण्याच्या जेमतेम वर आहेत. त्यांवर तागाच्या सोनेरी लडी. मध्ये मध्ये काही करड्या, इतरांपेक्षा लांब, पाण्यात टेकलेल्या. शेजारचा ताग वाळून वाऱ्यावर हलत होता आणि यांच्यातून धार गळत होती. थांबतच नव्हती. मग एकीने मान वर केली.
लिबोरियोला ओरडून हाका मारल्या. होडी दाराशी बांधलेली, दार उघडं, आत पाणी. ओ आली नाही. मग बघितलं तर शेवटच्या दांडीवरच्या एकाच्या अंगात लिबोरियोचा रोजचा निळा सदरा होता.

५ जून
आगबोट गेली. पार मधल्या धारेतून. धक्का बुडालाय, ती आत येणार नाही. मी खिडकीतून चादर हलवली, घसा फाटेस्तोवर ओरडले. तिने शिट्टी दिली आणि गेली.
काकूची होडी जागेवर नाही. दोर तुटलेला नव्हता, सोडलेला होता. विचारलं तर म्हणाली, "मीच सोडली. होडी असली तर जावंसं वाटतं. एकदा सोडून आले, तेवढं पुरे." माझं काय, असं विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू माझी आठवण आत्ताच झाली. मग रडली. माफ कर म्हणाली.
बाकीची घरंही एव्हाना रिकामी झालीयत. लिबोरियोच्या होडीपर्यंत पोहत जाता येईल. चाळीस हात. मला पोहता येतं. पाण्यात पाय घालवत नाही.

८ जून
फळ्या तिसऱ्यांदा वर. आता रांगायचं.
दुपारी नोंदवहीतली नावं मोठ्याने वाचली. वाटलं, कुणी तरी नावानिशी हाक मारली तर निवतील. एका नावाला खालून एक ठोका. एकतीस नावं, एकतीस ठोके. यादी संपली. ठोके संपले नाहीत. सगळ्या घराखाली, शाळेखाली, लांब देवळाकडे. रबराच्या वेळचे असतील. कोकोच्या वेळचेही. त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.
संपेचनात.

९ जून
काकू गेली.
फळी तिनेच काढली. मी कमरेला मिठी मारली. ओढाओढ केली नाही तिने, नुसतं म्हणाली, "गेल्या साली पेंढी बांधत बसले. आता जाऊ दे." छाती भरून श्वास घेतला, कामाला जाताना घेतात तसा — माझे हात सुटले की मी सोडले —
फळी परत बसवली. तिच्यावर बसलेय.

१० जून — किंवा ११
खिळे वर येतायत. आपोआप. हातोडीने ठोकते, दुसरीकडचे येतात.
छपराच्या झावळ्या उसकटून डोकं बाहेर काढलं. आढ्यावर ते बसलेत. लिबोरियोच्या आढ्यावर, शाळेच्या, सगळ्या. तोंडं उन्हाकडे. कुणीच वाळलेलं नाही. माझ्या शेजारच्याने माझ्याकडे न बघता थोडं सरकून जागा केली —
डोकं आत घेतलं. भोक चटईने बुजवलं.

नंतर
पाणी फळ्यांवर. कोपरांपर्यंत. वही वाशाला टेकवून लिहितेय. पोहायला हवं होतं. त्या दिवशीच — चाळीस हात फक्त —
काकू खालून बोलतेय. आवाज रोजचाच, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा. म्हणतेय, मास्तरीणबाई, फळी उचला, आम्हांला वर येऊ द्या. मी नाही म्हटलं.
आता म्हणतेय, बरं, राहू दे, मग तुम्ही