मुक्या बर्फावरची गाडी

प्रिय व्हर्लिनदादा,

तुझी आठ सिलिंडरची, चामडी गाद्यांची राणी उद्या विकली जाणार. अशा गाड्या आता देशात मोजक्याच उरल्यात. त्याआधी तुझ्या मुलाला, रॉइसला, ती गोठलेल्या तळ्यावर पळवायचीय, तू पळवायचास तशी.

मी म्हटलं, "बाळा, मार्च लागलाय. बर्फ गायचा थांबलाय."

तो हसला. "काका, शाळेतल्या कविता पुरे! किल्ली द्या."

दादा, जाड बर्फ गुणगुणत असतो. तो असाच मुका झाला होता, त्या दिवशी तू मासे धरायला गेलास आणि बुडालास.

किल्ली माझ्या मुठीत आहे. दुसरी एकच होती, ती मीच तुझ्या शवपेटीत, कोटाच्या खिशात ठेवली होती.

आत्ता अंगणात इंजिन गुरगुरलं. रॉइस हसत बाहेर धावला.

दादा, पोराला सोबत नेऊ नकोस.

तुझा धाकटा,
एल्डन