मुकादमिणीचा चमचा

३ तारीख
नोकरी लागली. घरात भिंती बघून जीव विटला होता. काम सोपं आहे. गोठवलेले मटार पिशवीत भरायचे, गरम पट्टीखाली पिशवीचं तोंड बंद करायचं. माझं तोंड कोण बंद करणार! खोलीत श्वासाची वाफ दिसते. आत जायच्या आधी रांगेत उभं राहायचं, जीभ काढायची, मुकादमीण चमचाभर सर्दीचं कडू औषध घालते. म्हणाली, गळकी नाकं इथं चालत नाहीत. खरंच, नाक ठणठणीत कोरडं. बोटंही दुखली नाहीत. शेजारच्या उंच बाईला सगळ्या ताडमाड म्हणतात. तीही हसते. चांगल्या आहेत बाया.

११ तारीख
सकाळी भडाभडा ओकले. पाळी बंद होती, मला वाटलं वयानं गेली, सुटले एकदाची. डॉक्टरीण म्हणाली, दिवस गेलेत. चाळिशी उलटल्यावर! नवरा पोरासारखा रडला. आधीची सगळी पोटातच गेली आमची. दर वेळी आधी ओकारी थांबायची, मग संपायचं. डॉक्टरिणीनं दम भरला, मला विचारल्याशिवाय सर्दीचंसुद्धा औषध घ्यायचं नाही.

१२ तारीख
चमचा नको म्हटलं. त्यात काय असतं विचारलं, तर म्हणे औषध असतं, आणखी काय. बाटलीवर कागद नाही. बाया हसल्या, म्हातारपणी डोहाळे म्हणाल्या. थंडी हाडात शिरली. तेवढ्यात जळल्याचा वास आला. ताडमाडचा अंगठा पट्टीखाली होता. ती मला विचारत होती, मुलगा हवा की मुलगी. अंगठा तसाच.

१४ तारीख
तिला विचारलं, तुला पोरं किती. म्हणाली, होतं एक बहुतेक. आणि मटार भरायला लागली.

१५ तारीख
काम सोडते म्हणून सांगितलं. मुकादमीण चिडली नाही. जाताना चहा पिऊन जा म्हणाली. गोड होता. तळाशी कडू — ओळखीचं कडू.

१६ तारीख
ओकारी नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं चपला घातल्या. डॉक्टरिणीकडे चल म्हणाला. मी कामावर गेले. का, ते — रांग लागली होती.

१७ तारीख
जीभ काढली. थंडी नाही.

१८ तारीख
नवरा विचारतोय, पोटात दुखतं का. थांब, बघून सांगते म्हटलं. दुखत नाही. लुगडं ओलं आहे. मटाराचं पाणी असेल. लाल कसं — तो का रडतोय कुणास ठाऊक. आम्हाला काहीतरी व्हायचं होतं बहुतेक —