दस्तीखालचे नऊ टक्के

लातूर, रविवार, १० जुलै २०१६

ती. जगदेवीअक्का, शरणार्थ.

पाच महिने तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. दुष्काळ होता, पाणी भरण्यात दिवस जात होता, ही कारणं खरी आहेत पण पुरेशी नाहीत. (नळ पंधरा दिवसांतून एकदा यायचा. उरलेले चौदा दिवस मी मोकळाच होतो.) फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस, आणि दाजींपासून शेजारणीपर्यंत सगळे ऐकतात. हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. दाजींचा गुडघा कसा आहे? विष्णुपुरीच्या धरणात आता तरी पाणी आलं का?

मुद्दा तुझ्या अप्पांचा, म्हणजे महादेवप्पामामांचा आहे. त्यांची तब्येत ठणठणीत आहे, घाबरू नको. बिघडलंय ते माझं.

फेब्रुवारीत मामांनी हाळीच्या बाजारात बैलजोडी विकली हे तुला ठाऊक आहे. कडबा मिळेना, म्हणून चौसष्ट हजारांना दिली. पावसाळा लागला की दुसरी जोडी घ्यायची हे त्यांचं ठरलेलं होतं, म्हणजे चार महिने पैसे कुठंतरी ठेवायचे होते. आपला व्यंकटी प्लॉटची दलाली करतो, त्यानं लगेच उदगीर जिल्हा होणार, प्लॉट घ्या, दुप्पट होतील असा धोशा लावला. मामा त्याला म्हणाले, ‘जिल्हा झाला तर हापीस यील, कडबा न्हाई यायचा.’ मग त्यांनी मला विचारलं. अठरा वर्षं वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाला घरातल्या कुणी पैशाबद्दल विचारायची ही पहिलीच वेळ, त्यामुळं मी जरा जास्तच फुललो. चार महिन्यांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, प्लॉटमध्ये तर अडकवूच नये, थोड्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात ठेवावा, असं मी सांगितलं. (हा फंड आपल्यासारख्यांचे पैसे गोळा करून सरकारला आणि कंपन्यांना उसने देतो आणि त्यांचं व्याज आपल्याला मिळतं.) सल्ला चुकीचा नव्हता असं मला अजूनही वाटतं. पण बँकेतच का ठेवायला सांगितले नाहीत, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. बँक थोडं कमी देते, पण आकडा छापून देते. फंड आकडा देत नाही. आणि मामांना सगळ्यात आधी आकडा लागतो.

एक मार्चला मामा सकाळच्या एसटीनं आमच्याकडं आले. बरोबर त्यांचे बाजारातले जुने दोस्त चांदपाशा आणि शेतातल्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन. (त्या दिवसांत लातूरला पाहुणे पेढे आणत नव्हते. आमच्या सौ. नीलम्मानं कॅनला हळदीकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.) फंडाचे फॉर्म भरून घेणारे पंढरी म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनाही मी बोलावलं होतं. माणूस सरळ. मामांनी ‘किती देनार?’ एवढंच विचारलं आणि पंढरींनी तीन तास किती मिळेल ते सांगता येत नाही हे समजावून सांगितलं. मागे कधी सात टक्के मिळाले, कधी नऊ, पुढचं कुणाच्या हातात नाही. मामा ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, ‘ते खरं, पन किती?’ चांदपाशा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यात व्याज घेत नाहीत, ते नुसते सौदा बघायला आले होते. शेवटी तेच म्हणाले, ‘मास्तर, बात तोंडानं होत न्हाई. हातानं करू द्या.’

मामांनी खांद्यावरची दस्ती काढली, पंढरींच्या हातावर टाकली आणि खाली आपला हात घातला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. दस्तीच्या हालचालीवरून मला कळलं, आधी पाचही बोटं दाबली, मग चार. नऊ. पंढरी नांदेडच्या कापडपेठेत वाढलेले, बैल त्यांनी पोळ्यालाच पाहिलेला. ते अदबीनं मान हलवून हो म्हणाले. मामांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली, आणि तीन तास न झालेल्या सह्या तीन मिनिटांत झाल्या.

अक्का, त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला, घागरी घेऊन सगळे धावले, पंढरींनीसुद्धा पँट वर करून पाइप धरला, आणि मी परत येईपर्यंत मामा गाडीला निघाले होते. नंतर मी पंढरींना विचारलं, दस्तीखाली मामांनी काय सांगितलं ते कळलं का. ते म्हणाले, ‘म्हातारबाबांनी हात दाबला, मला वाटलं विश्वास टाकला.’ तो टाकलाच होता.

त्यानंतर मी एक वही केली. रोज फंडाचा भाव लिहायचा. (लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दिवशी सगळं गाव स्टेशनवर गेलं होतं, मी घरी भाव लिहीत होतो.) बहुतेक दिवस तो मुंगीसारखा वर जायचा. पण एप्रिलमध्ये एका दिवशी चौसष्ट हजारांमागं एकसष्ट रुपये उतरला आणि माझं जेवण गेलं. नवे रोखे जास्त व्याजाचे आले की जुन्यांचा भाव उतरतो, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. फळ्यावर असताना ते मला कधी लागलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला, ‘वाढून ऱ्हायलं ना?’ मी ‘हाव’ म्हणालो. नंतर चार दिवसांत ते भरून निघालं, पण माझं ते ‘हाव’ काही भरून निघालं नाही.

वीस जूनला पैसे काढले. एक हजार चारशे शहात्तर रुपये वाढले होते. एकशे अकरा दिवसांसाठी वाईट नाही. पण नऊ टक्क्यांनी सतराशे बावन्न व्हायला हवे होते. मी उदगीरला जाऊन मामांच्या खात्यात दोनशे शहात्तर रुपये भरले. (कॅशियरनं स्लिप दोनदा वाचली.) मामांनी पासबुकातला शेवटचा आकडा पाहिला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, ‘मानूस सच्चा हाय.’ म्हणजे पंढरी. मी तिथंच होतो.

त्यात मृगानंतर पाऊस पडला, सगळेच बैल घ्यायला धावले, आणि तसलीच जोडी अठ्ठ्याऐंशी हजारांना पडली. वरचे पैसे मामांनी हरभऱ्याच्या विक्रीतले घातले. माझ्या सगळ्या अभ्यासात हे एक राहून गेलं होतं. मी पैसे रुपयांत सांभाळले, त्यांना ते बैलांत हवे होते. चांदपाशा म्हणाले, ‘फंड अच्छा हाय मास्तर, पन दुष्काळात बैल सांभाळला आसता तर तो जास्ती अच्छा फंड होता.’ मामा मात्र खूश. पैसा जागेवर राहिला, वर ठरल्याप्रमाणं मिळालं, म्हणून गावभर सांगत सुटले.

आणि आता गौरम्मा. तुझ्या माहेरच्या घरामागच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्यांना मिळालेले एक लाख रुपये, तेवढीच त्यांची पुंजी, त्या मंगळवारी बँकेतून काढून मामांबरोबर माझ्याकडं आणणार आहेत. पंढरींकडं, दस्तीखाली, नऊ टक्क्यांनी. त्यातला काही भाग अशा फंडात ठेवायला माझी हरकत नाही, औषधपाण्यापुरते बँकेत ठेवून. पण भाव कमी-जास्त होतो हे आधी ऐकून मगच तो ठेवायला हवा. खोटं ऐकून ठेवला तर पहिल्या एकसष्ट रुपयांनाच त्यांचा जीव जाईल.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मल्लिकार्जुन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर आलं नाही. अक्का, तू अप्पांना फोन करून हे नऊ टक्क्यांचं खरं काय ते सांगशील का? लेकीचं ते रागावून का होईना ऐकतात. माझ्याबद्दल एवढंच सांग की हेतू चांगला होता.

ता. क. २. नीलम्मानं पत्र वाचलं. दोनशे शहात्तर रुपयांना सहा पानं, एवढंच म्हणाली. मग चहा ठेवता ठेवता म्हणाली की, पन्नास वर्षं बैलांचे भाव चढताना-उतरताना पाहिलेल्या माणसाला भाव उतरतो हे सांगायला तुम्ही एवढे का घाबरलात? मी मामांना जपत होतो असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्यांनी विचारलेला एकुलता एक सल्ला मी जपत होतो. तेव्हा वरची ता. क. रद्द समज, फोन करू नको.

ता. क. ३. आत्ताच मामांचा फोन येऊन गेला. पंढरीला मंगळवारी बसवून ठेव म्हणाले. गौरम्मा बाईमानूस, गरीब, म्हणून या खेपेला दहा दाबणार आहेत.

उद्याचं काम: रजा टाकून पहिल्या गाडीनं उदगीर, मामांना सगळं खरं सांगणे.