हेल्मेटातली बडबड

३ डिसेंबर २०१९, मंगळवार
व्हिडिओला दिलेलं माझं संगीत परत आलं! क्लायंट म्हणतो, "दीदी, एनर्जी नहीं आ रही." ढोल घातले, गिटार घातली, आता जीव घालायचा तेवढा राहिला. मनालीकडच्या उतारावरून सायकल सुटते, कड्यावरून उडते, खाली टेकते — आणि माझा ठोका भलतीकडेच पडतो. दिवसभर तोच तुकडा. कान विटले.

सायकलवर रत्नाकर आहे, माझा धाकटा भाऊ. बाबांना हे कळता कामा नये. फॅक्टरीतली पक्की नोकरी सोडून तो या उड्यांच्या मागे गेला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. घरात त्याचं नावसुद्धा निघत नाही.

४ डिसेंबर
बाबा चहा घेऊन आले. "काहून गं, समेवर काहून येऊन नाही राहिली तू?"

"नाही जमत, बाबा."

कप ठेवून गेले. स्क्रीनकडे पाहिलं नाही, नशीब!

५ डिसेंबर
काही नाही. नुसता कंटाळा.

६ डिसेंबर
आज मूळ आवाज नीट ऐकला. हेल्मेटातल्या माइकवर रत्नू काहीतरी पुटपुटतो. क्लायंटने आधीच बजावलं होतं, "वो बड़बड़ हटा देना." मीही न ऐकताच पुसून टाकत होते — शहाणी!

बडबड कसली? तीनताल! उतारावर धा तिं तिं ता, कड्याच्या टोकाला ता धिं धिं धा, चाकं हवेत — आणि जमिनीला टेकताना धा. बरोब्बर समेवर. ग्वारीघाटावरच्या भजनात बाबा तबल्यावर असायचे, तेव्हा त्यांच्या मांडीला टेकून हा हेच बोल घोकायचा. अजून घोकतो. एकटा, कड्यावर. मला रडूच फुटलं.

ढोल, गिटार सगळं काढून टाकलं. त्याचा आवाज ठेवला, खाली हलकासा तबला.

७ डिसेंबर
हेडफोनची पिन निघालेली, मला पत्ताच नाही! वळून पाहिलं तर बाबा मागे उभे.

"पोट्टा अजून खालीत घाईच करते," एवढंच म्हणाले. खाली म्हणजे तालात डग्गा गप्प होतो ना, तिथे रत्नू लहानपणीही पळायचा आणि बाबा तिथेच ओरडायचे.

खोलीत गेले, दार लावून घेतलं. जेवले नाहीत.

८ डिसेंबर, रविवार
क्लायंटचा मेसेज — "बड़बड़ क्यों रखी?" फोन तिथेच टाकून अंघोळीला गेले. आले तर फोन गायब. बाबांच्या खोलीतून आवाज.

"खालीत घाई नको करू बाबू. पडशील."

दारातून पाहिलं, बाबांनी फोन स्पीकरवर ठेवलेला.

"म्हण. हळू म्हण."

मग रत्नूचा फाटलेला आवाज — धा तिं तिं ता. बाबा मांडीवर ताल देत होते.