अकरा बाटल्या लख्ख

धाकट्यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

आशीर्वाद दिला, आता ऐक. चार पानी पत्र लिहिलंस आणि चारही पानांत नुसती रड! खाडीचं पाणी लाल झालं, सरकारी माणूस काठावर पाटी ठोकून गेला, शिंपल्या काढायला बंदी, टोपल्या उपड्या पडल्यात. वर मलाच हुकूम, की ताई, तू त्या प्रयोगशाळेत कामाला आहेस ना, मग तुझ्या मोठ्या बाईंना सांगून पाटी काढायला लाव. अरे, कोणत्या तोंडाने सांगू? मी तिथे फरशी पुसते, राज्य करत नाही. आणि सध्या तर फरशीसुद्धा खाली मान घालून पुसतेय. का, ते लिहिते. तुझी तब्येत बरी असणारच, एवढं रडायला ताकद लागते. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे?

तर मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. सोमवारी परगावी कसल्याशा सभेला निघताना मला म्हणाल्या, "मावशी, पुढच्या शुक्रवारी माझ्याबरोबर पाहुणे येतायत. इमारतीत कुठे म्हणून घाण दिसता कामा नये." (वयाने माझ्याएवढ्याच आहेत, पण शिकलेल्या बायकांना कायम भाचीच राहायचं असतं.) बरं, मी कामात हयगय करणारी नाही. लहानपणी तुझे कान मीच घासायचे, अजून लाल आहेत. जिना झाला, खिडक्या झाल्या, आणि शेवटी मागच्या गार खोलीत गेले, तर फळीवर अकरा बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, आणि आत भांडी विसळल्यासारखं तपकिरी गढूळ पाणी! वर दिवे लावलेले. दिवसाढवळ्या, घाणीला दिवे! (घरी मी न्हाणीतला दिवा आत माणूस असला तरी बंद करते.) दारावर पाटी होती, नाही म्हणत नाही. अक्षराला अक्षर लावून वाचली: हात लावू नये. मग मी लावलाच नाही. रबरी मोजे घातले. सगळं मोरीत ओतलं, बाटल्या साबणाने तीनदा खळखळून धुतल्या, वर चिकटवलेल्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या आणि उपड्या मांडून ठेवल्या. काय लख्ख दिसत होत्या सांगू!

तेवढ्यात शिंकोबा आले. (हे बाईंचे मदतनीस. पन्नाशीचे गृहस्थ, घाबरले की शिंका सुटतात.) बाटल्या बघून सतरा शिंका दिल्या आणि ओल्या फरशीवर मट्कन बसले. म्हणाले, "मावशी, तीन वर्षं!" मी म्हटलं, तरीच, एवढी साचली कशी! मग त्यांनी समजावलं. ती घाण नव्हती म्हणे. डोळ्याला न दिसणारे, एकेका पेशीचे जीव होते, शेवाळाच्या जातीतले. बाईंनी केसाएवढ्या काचेच्या नळीने एकेक उचलून पाळलेले. हेच तुमच्या खाडीत माजले की पाणी लाल होतं. शिंपल्या पाणी गाळून गाळून तेच खात बसतात. त्यांचं काही बिघडत नाही, पण विष अंगात साठतं, आणि त्या शिंपल्या माणसाने खाल्ल्या की आधी ओठांना मुंग्या, मग जीभ जड, जास्त झालं तर श्वासच अडकतो. वास नाही, चव नाही, उकळून जात नाही. तेव्हा "दोनदा उकळल्या की काही होत नाही" असं जे तू पान तीनवर लिहिलंयस ते खोड, मूर्खा. पाटी आहे तिथे राहू दे. आणि गंमत बघ, एवढं जालीम, पण साबणाचा नुसता अंश लागला की खलास! थेट आपली आत्या. जिभेने अख्खं घर गार करायची आणि पाल दिसली की स्वतः गार.

शिंकोबांनी डोकं चालवलं, रंगापुरता कोरा चहा भरून ठेवू. भरला. रंग अगदी तस्सा. पण बाई आल्या आल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार, आणि चहा काही वळवळत नाही. मीच ओतून टाकला. (एक बाटली शिंकोबा तोंडाला लावत होते. हातावर फटका मारला.) मग त्यांना आठवलं, सकाळी काचेवर एक थेंब काढून ठेवला होता. बघितलं तर सगळे गेलेले, एकच जिवंत. मलाही दाखवला. कमरेला पट्टा बांधल्यासारखा, भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय, कुणाला शोधत असल्यासारखा. मला कसंसंच झालं रे. "बस जरा," म्हटलं त्याला. त्याला नव्या बाटलीत ठेवलाय, आणि दिवा मी लावते, रोज, न चुकता.

महिनाअखेर माझी नोकरी कायम व्हायची आहे, कागदावर सही बाईंची. शिंकोबांचंही काही खरं नाही, गार खोलीचं दार त्यांनीच उघडं टाकलं होतं. बाकी सगळं ठीक.

तुझी ताई

ता. क. ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. शिंकोबांनी वहीत बघितलं, बाईंनी ते जीव नेले होते ते तुमच्याच खाडीतून! म्हणजे मला जे हवंय ते तुझ्या दारात लोळतंय आणि तू डोक्याला हात लावून बसलायस. पाच लिटरचा डबा भर, जिथे सगळ्यात लाल असेल तिथला. हातमोजे घाल. उन्हात ठेवू नकोस. गुरुवारच्या पहिल्या बसने स्वतः मांडीवर घेऊन ये, आणि बायकोला डब्याजवळ फिरकू देऊ नकोस, ती उकळून देईल.

ता. क. दुसरा. बाईंना मी खरं सांगणारच आहे. खोटं मला पचत नाही. फक्त रिकाम्या हाताने सांगायचं नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच शिंकोबा धावत आले, एकही शिंक न देता. एकाचे दोन झाले! मी फडकं टाकून बघायला गेले. आता दोघं मिळून फिरतायत. पण शुक्रवारपर्यंत दोघांच्याने अकरा बाटल्या भरत नाहीत, तेव्हा डबा हवाच. आणि नीट वाच, जन्मात पहिल्यांदा सांगतेय: डबा साबणाने धुऊ नकोस. येतोस की नाही, मंगळवारच्या आत कळव.