उगाच आलो

अंबड,
दि. १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अक्काच्या चरणी भागवतचा सा. नमस्कार वि. वि.

भाऊबीजेला बांधून दिलेली शेव अजून पुरून राह्यली. परतीच्या एसटीत शेजारच्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अंबडपर्यंत झोप काढली. मी उठवलं न्हाई. दमलेला माणूस मला लांबूनही ओळखू येतो.

मिल सुटली हे तुला तिथं बोललोच. सळया ओढणाऱ्या रोलच्या आवाजानं कान गेले. फोनवर तुझं काहीच समजत न्हाई. 'हां, हां' करता करता मागं मी कुणाच्या तरी बारशाला होकार देऊन बसलो, म्हणून हे पत्र. आदिनाथचा टेम्पो रोज तीर्थपुरीहून जालन्याला बियाण्याच्या कंपनीत येतो, त्याच्या हाती देतोय. वाचू नको असं त्याला बजावलंय. तो वाचतोच.

मुद्द्याचं असं. सत्तावीस वर्षं मी मोटारसायकल चालवली, पण अंबड ते एमआयडीसी आणि एमआयडीसी ते अंबड. आता एकच इच्छा राह्यली, उगाच चालवायची. तुझी भावजय साधना विचारते, उगाच म्हणजे कुठं? मला सांगता येत न्हाई. माझी काळी गाडी अजून चालते. तिचं इंजिन आजवर मीच उतरवलं नि मीच बसवलं, कुठल्या मिस्त्रीचा पाना लागू दिला न्हाई. सायलेन्सरलाही माझ्याच हातचं वेल्डिंग. पण पाठ आता तिच्यावर टिकत न्हाई.

म्हणून जालन्यात गाड्या बघून आलो. जाड टाकीची भारी गाडी बघितली. रुबाब आहे, पण आडवी झाली तर उभी करायला गल्ली गोळा करावी लागेल. पोरांची ती शर्यतीची गाडी बघितली. तिच्यावर बसणं म्हणजे पुढच्या माणसाच्या पाया पडणं. मला पाठ सरळ राहील, दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील अशी हवी. मिळेल. घाई न्हाई.

कुठलीही घेतली तरी पहिली चक्कर तुझ्याकडे. काम काही न्हाई. चहा प्यायचा आणि परत.

तुझी माया आजवर न मागता मिळाली, इथून पुढंही तशीच मिळावी.

तुझा,
भागवत


तीर्थपुरी,
दि. १६ नोव्हेंबर २०२४

चि. भागवतास अक्काचे अ. उ. आ.

बोलणं माझं, अक्षर सूनबाईचं. शालू म्हनते मामाच्या अक्षरापुढं आपलं अक्षर गरीब दिसतं.

गाडी घे, कोणचीबी घे. पर माझ्याकडं एसटीनंच येत जा. दरसाली मी रस्ता खराब हाय म्हनते अन् तू निमूट ऐकतोस. रस्ता दोन साल झाले नवा झालाय. तुला एसटीच्या खिडकीतून दिसला असंलच, तरी तू बोलला न्हाईस. मंग आता खरंच सांगते, मनावर घेऊ नको.

आई गेली तवा सांगायला तू आल्ता. इंद्रभानदादा गेला तवाबी तूच. तुझे दाजी जालन्याच्या दवाखान्यात होते तवा तर घरोघर फोन होते. पर भावकी म्हनली, बाईमाणसाला असलं फोनवर सांगू नये, भागवतला धाडा. मी भाकरी थापत होते. तुझी गाडी पारापाशी वळली अन् मी तवा खाली उतरवला. तू अजून वळणावरच होतास, भागवत. चूल बिलकुल तशीच पेटलेली अन् तवा खाली.

तसल्या आवाजाची गाडी बाहेरनं गेली तरी अजून माझा हात तव्याकडं जातो. तुझा दोष काय त्यात? तू तर त्या दिवशी पाणीसुदिक मागितलं न्हाईस.

(मी शालू. हे सांगताना आई भिंतीकडं तोंड करून शेंगा सोलत होत्या. मामा, गाडी लालच घ्या.)

जिवाला जप. आमची आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
अक्का


अंबड,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अक्काच्या चरणी सा. नमस्कार वि. वि.

रस्ता मला दिसला होता. मला वाटलं, तू माझ्या काळजीनं म्हणतेस, म्हणून बोललो न्हाई.

तुझं पत्र आल्यापासून मी कुणाकुणाच्या दारात तसा उभा राह्यलो ते आठवत बसलोय. खानदानात पहिली गाडी माझी, म्हणून हे काम माझ्याकडं आलं आणि मग कुणी परत घेतलंच न्हाई. मिलमधून पाळी करून यावं, तोंड धुवावं, तर ओट्यावर चार माणसं बसलेली: भागवत, तेवढं आत्याच्या गावाला जाऊन ये. मी गाडी स्टँडवर घेईपर्यंत आत बायकांचं रडणं सुरू व्हायचं. मला एक शब्द बोलावा लागायचा न्हाई. मी समजत होतो, माझ्या तोंडावरून कळतं. आज समजलं, सायलेन्सरवरून कळायचं. एवढ्या अभिमानानं केलेलं वेल्डिंग!

थकलो अक्का. मिलनं थकलो त्याहून यानं जास्त.

पण गाडी घेतली, आणि कानानं निवडून घेतली. कान अर्थात माझे न्हाईत. माझ्याबरोबर मिलमध्ये होता तो संघपाल नेला. एके काळी दोन गल्ल्यांपलीकडून गाडी आली तर मी सांगायचो, टॅपेट ढिले आहेत. आता टाकीवर तळहात ठेवतो तेव्हा इंजिन समजतं. दुकानात एकेक गाडी चालू करायला लावली. मी हात ठेवायचा, संघपालनं माझ्या कानाशी ओरडून आवाज सांगायचा. एकीला म्हणाला पिठाची गिरणी, दुसरीला म्हणाला तापलेलं म्हातारं. तिसरीला वाकून कान लावला. मग म्हणाला, मांजर घुरघुरतंय. दुकानदार म्हणाला, शेठ, लोक ॲव्हरेज विचारतात. ते मी घरूनच काढून नेलं होतं.

सव्वाशे सीसीची आहे, तळपाय बराबर टेकतात, पाठ सरळ. लाल नव्हती, निळी आहे. शालूनं रागावू नये.

आता माझ्या येण्याचं भय धरू नको. कधी येईन ते मात्र सांगत न्हाई. तारीख देऊन आलो तर तेही कामच झालं.

तुझा हात डोक्यावर आहे असं धरून चालतो.

तुझा,
भागवत


अंबड,
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. शालू हिस मामाचे अ. आ.

हे पत्र तुझ्यासाठी आहे, अक्काला दाखवू नको. आदिनाथ, तूही वाचू नको.

काल मी आलो तेव्हा काय झालं ते मला कुणीच सांगितलं न्हाई. निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. कालव्याच्या कडेनं उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर रस्ता मोकळा. चौथ्या गिअरमध्ये गाडी अशी शांत झाली की मी टाकीवर हात ठेवून बघितलं, चालू आहे ना. कापसाच्या वावरातून एका बाईनं उगाच हात हलवला, मीही हलवला. पोरी, एवढ्या वर्षांत मला कधी रस्त्याच्या बाजूला काय आहे ते दिसलं नव्हतं.

तुमच्या दारात मी हेल्मेट काढून उभा राह्यलो. अक्का सुपात ज्वारी घेऊन बसली होती. वर बघितलं, तिचे ओठ हलले. मला वाटलं, ये म्हणाली. मी हसलो. पुन्हा हलले, पुन्हा हसलो. तिच्या हातातून सूप पडलं आणि ती भिंतीला टेकली. तू पाणी घेऊन पळालीस, मग ओमप्रकाश शेतातून आला तर लेकाच्या गळ्यात पडून रडली. माझ्याशी सगळे हातानं खुणा करत होते, चहा घ्या, बसा. मी चहा घेतला आणि निघालो. येताना बाजूला काय होतं ते बघितलं न्हाई.

तिला बीपी आहे का? डॉक्टरला दाखवा. माझ्यानं झालं असेल तर स्पष्ट लिही, मी यायचं बंद करतो. काळी गाडी तर भंगारवाला उचलून नेणार आहे. तिचं नावही आता नको.

सगळ्यांना आठवण सांग, आणि खरं काय ते कळव.

मामा


तीर्थपुरी,
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. भागवतास अ. उ. आ.

पत्र शालूच्या नावानं धाडलंस, पर आदिनाथनं माझ्याच हातात दिलं. त्यानं वाचलेलंच होतं, मंग मलाबी वाचून दाखवलं. उत्तर मी शालूला न सांगता माझ्या हातानं लिहिते. चौथीतलं अक्षर हाय, हसू नको.

बीपी न्हाई मला. मी काय म्हनले ते सांगते. मी म्हनले, कोण गेलं रे? तू हसलास. मंग म्हनले, ओम्या का? ओमप्रकाश सकाळी मोटर चालू करायला गेल्ता, अजून आल्ता न्हाई. तरीबी तू हसलास. मला वाटलं, तुला सांगवत न्हाई, म्हनून तू येड्यावानी हसून राह्यलास. मंग मला बसायलाच लागलं. ओम्या समोर आला तवा कळलं, कोणीच गेलेलं न्हाई. तू एवढ्या लांबून आला अन् तुला कोणी ये म्हनलं न्हाई. ते आता म्हनते. ये.

निळी गाडी मांजरीवानी येते, ते काही बराबर न्हाई. काळी निदान वळणावरनं सांगत तरी होती. तेवढ्यात मी तवा उतरवत होते, पदर सावरत होते. माणसाला तेवढा येळ लागतो.

भंगारवाल्याला परत धाड. निळी साधनाला दे. उगाच म्हंजे कुठं ते तिलाबी कळू दे. तुझी पाठ दुखत असंल तर सीटवर गोधडी टाक, पर माझ्याकडं काळीवरच ये. सोमवारी ये. मंग कधीबी ये, न सांगता ये. त्या आवाजावर लई बातम्या बसल्यात, त्या एका चहानं निघायच्या न्हाईत. आधी आधी मी तवा उतरवीन. उतरवू दे. तू तिकडं ध्यान देऊ नको, आत येऊन बस.

एक दिवस तू पारापाशी वळशील अन् माझी भाकर तव्यावरच फुगंल. तीच तुझ्या ताटात वाढीन.

लोभ तर हायेच. तो वापरायला रिकाम्या हातानं येत जा.

तुझी,
अक्का